फाटक उघडले, पण गस्त बाहेर का पडली नाही? दक्षिण सुदानमधील शांतिसेना आणि नागरिकांचे संरक्षण

शोधयात्री

दक्षिण सुदानची राजधानी जुबा येथे १५ डिसेंबर २०१३ च्या रात्री अध्यक्षांच्या रक्षकदलातील सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडू लागले आणि पाहता पाहता त्या भांडणाला डिंका विरुद्ध न्युएर, म्हणजे देशातील दोन मोठ्या जमातींतील वैराचे, रूप आले. घराघरांतून न्युएर पुरुषांना शोधून मारले जात असताना हजारो माणसे संयुक्त राष्ट्रसंघाच्या तळांकडे धावली आणि तळांची फाटके उघडली गेली. हे तळ कर्मचारी राहावेत आणि वाहने उभी राहावीत एवढ्यासाठी बांधलेले होते. तेथे इतक्या माणसांना पुरेल एवढे पाणी नव्हते, शौचालये नव्हती आणि अशा प्रसंगाची पूर्वतयारी तर मुळीच नव्हती. तरीही पुढे जुबा, बोर, मलाकाल, बेंटिऊ आणि वाऊ येथील कुंपणांच्या आड राहणाऱ्यांची संख्या दोन लाखांवर गेली.

याच जुबामध्ये जुलै २०१६ मध्ये पुन्हा लढाई पेटली. ११ जुलैला सरकारी गणवेशातील सैनिक टेरेन नावाच्या निवासी संकुलात घुसले. त्यांनी एका स्थानिक पत्रकाराला ठार मारले आणि मदतसंस्थांच्या महिला कर्मचाऱ्यांवर बलात्कार केले. आत अडकलेली माणसे फोन करत होती, संदेश पाठवत होती. शांतिसेनेचे मुख्य ठाणे तेथून सव्वा किलोमीटरच्या आसपास होते आणि तरीही एकही तुकडी निघाली नाही.

मोहीम तीच होती आणि नागरिकांच्या संरक्षणासाठी बळ वापरण्याचा सुरक्षा परिषदेने दिलेला अधिकारही तोच होता. उलट २०१४ च्या मे महिन्यातील ठरावाने संरक्षण हेच मोहिमेचे पहिले काम ठरवले होते. मग अडीच वर्षांत काय बदलले? माझे मत असे आहे की सैनिकांच्या धैर्यापेक्षा त्यांच्या मायदेशांतील सरकारे यात निर्णायक ठरतात. आपली मते वाचायला आवडतील.

कडूलिंब

मांडणी चांगली आहे, पण प्रश्नच उलटा विचारायला हवा. न निघणे हा या यंत्रणेचा मूळ स्वभाव आहे आणि २०१३ हा अपवाद आहे.

रवांडातील शांतिसेनेचे सेनाप्रमुख रोमिओ दालेर यांनी ११ जानेवारी १९९४ रोजी न्यूयॉर्कला शस्त्रसाठ्यांची खबर कळवली आणि ते जप्त करण्याचा मनोदय सांगितला. वरून नकार आला. एप्रिलमध्ये हत्याकांड सुरू झाले. किगालीतील एका तंत्रशाळेत बेल्जियन सैनिकांच्या भरवशावर सुमारे दोन हजार माणसे जमली होती. ११ एप्रिलला सैनिक निघून गेले आणि त्यातील बहुतेक माणसे त्यानंतर लगेचच मारली गेली. एवढे होऊन सुरक्षा परिषदेने २१ एप्रिलला काय केले, तर संपूर्ण दल २७० माणसांवर आणले. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मेली. पुढच्याच वर्षी बोस्नियात स्रेब्रेनिकाचे हत्याकांड झाले. हा सगळा इतिहास समोर असताना टेरेनला कोणी गेले नाही याचे आश्चर्य का वाटावे?

जुना_सैनिक

मी निवृत्त आहे आणि दक्षिण सुदानच्या अपर नाईल भागात काही काळ होतो, एवढीच ओळख पुरेशी आहे. पलटण, वर्ष वगैरे कृपया विचारू नये.

कडूलिंब यांचा संताप मला समजतो, पण जमिनीवरची परिस्थिती थोडी मांडतो. हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आहे. २०११ मध्ये मोहीम सुरू झाली तेव्हा मंजूर सैन्य सात हजार होते, जे डिसेंबर २०१३ च्या अखेरीस साडेबारा हजार करण्यात आले. त्यातले इस्पितळवाले, अभियंते, रसदवाले, मुख्यालयवाले वजा केले की प्रत्यक्ष गस्तीला किती उरतात याचा अंदाज बांधावा. मे ते ऑक्टोबर पाऊस असतो. तिथली जमीन काळी आणि चिकट आहे. विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांना भर पावसात अशा जमिनीत ट्रॅक्टरचे काय होते हे सांगायला नको, इथे तर कित्येक टन वजनाची चिलखती गाडी असते. मग उरते हेलिकॉप्टर. त्याच्या उड्डाणाआधी सरकारी सैन्याकडून सुरक्षिततेची हमी घ्यावी लागते. हा नुसता कागदी सोपस्कार नव्हे, कारण डिसेंबर २०१२ मध्ये याच सैन्याने राष्ट्रसंघाचे एक हेलिकॉप्टर पाडले होते आणि त्यातील चारही रशियन कर्मचारी मेले होते. म्हणजे ज्याच्यापासून लोकांना वाचवायला निघायचे, कित्येकदा त्याच्याच परवानगीने निघावे लागते.

कुंपणाचे तसे नसते. कुंपण ही जवानाला दिसणारी रेषा असते आणि तिच्या आतल्या माणसांना वाचवायचे हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. १९ डिसेंबर २०१३ ला अकोबो येथील छोट्या चौकीवर सुमारे दोन हजार सशस्त्र तरुण चालून आले, कारण आत डिंका नागरिक आश्रयाला होते. चौकीत आपले जवान पन्नासहूनही कमी होते. दोन भारतीय जवान तेथे मारले गेले आणि आश्रयाला आलेली माणसेही मारली गेली. ती चौकी पडली, हे खरे आहे. पण त्या दोघांविषयी बोलताना ‘मूळ स्वभाव’ हा शब्द मला सहन होत नाही.

कडूलिंब

सैनिकसाहेब, अकोबोच्या जवानांविषयी माझ्या मनात आदरच आहे. माझा आक्षेप यंत्रणेवर आहे. पन्नासहून कमी माणसांची चौकी तशा ठिकाणी ठेवायची आणि तिच्या मदतीला वेळेत कोणी पोहोचणार नाही हे आधीपासून ठाऊक असायचे, याला नियोजन म्हणायचे का?

पंतोजी

दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे आणि त्याचे आकडेही उपलब्ध आहेत. राष्ट्रसंघाच्याच अंतर्गत तपासणी कार्यालयाने २०१४ मध्ये एक मूल्यमापन प्रसिद्ध केले. २०१० ते २०१३ या काळात, संरक्षणाची जबाबदारी असलेल्या मोहिमांच्या अहवालांत नागरिकांशी संबंधित ५०७ घटना नोंदल्या होत्या. त्यांपैकी केवळ १०१ घटनांत, म्हणजे पाचातील एका घटनेत, मोहिमेने तत्काळ काही केल्याची नोंद सापडली. हल्ला चालू असताना बळाचा वापर तर जवळजवळ कधीच झालेला नव्हता. हा अहवाल बाहेरच्या टीकाकारांचा नव्हे, घरच्यांचाच आहे.

ही जबाबदारी शांतिसेनेला फार पूर्वीपासून आहे असेही नाही. शारीरिक हिंसेचा निकटचा धोका असलेल्या नागरिकांचे संरक्षण हे शब्द प्रथम ऑक्टोबर १९९९ मध्ये सिएरा लिओनविषयीच्या १२७० क्रमांकाच्या ठरावात आले. त्या मोहिमेचे पहिले सेनाप्रमुख मेजर जनरल विजय जेटली हे भारतीय होते. मात्र त्याच वाक्यात ‘आपल्या क्षमतेनुसार आणि तैनातीच्या क्षेत्रात’ अशी मुरडही घातलेली होती. पुढच्या अनेक ठरावांत ती या ना त्या रूपात आली आणि ज्याला काही करायचे नसते त्याला तिथे बसायला पुरेशी जागा मिळाली. सिएरा लिओनमध्ये तर वर्षभरात, मे २००० मध्ये, बंडखोरांनी सुमारे पाचशे शांतिसैनिकांनाच ओलीस धरले. कैलाहून येथे वेढ्यात अडकलेल्या भारतीय तुकडीला जुलैमध्ये ऑपरेशन खुकरी करून सोडवावे लागले. म्हणजे ज्यांनी लोकांना वाचवायचे, त्यांना वाचवण्यातच मोहिमेची सारी शक्ती खर्च झाली.

चहाटळ

मलाकालच्या चौकशीविषयी कोणी लिहिलेच नाही, म्हणून मी लिहितो. फेब्रुवारी २०१६ मध्ये तेथील संरक्षित छावणीवर हल्ला झाला, त्यात किमान तीस माणसे मेली आणि छावणीचा मोठा भाग जळून गेला. चौकशीत असे निघाले की काही शांतिसैनिकांनी जागा सोडल्या, तर काहींनी शस्त्र वापरण्यासाठी लेखी परवानगी मागितली. वास्तविक नियमांनुसार तिची गरजच नव्हती. आमच्या तलाठी कार्यालयातील भाऊसाहेबांना निळे शिरस्त्राण घालून उभे केले असते, तर त्यांनी निदान अर्जाचा नमुना आणि मुद्रांकाचे मूल्य तरी हल्लेखोरांना समजावून सांगितले असते आणि तेवढ्यात संध्याकाळ झाली असती.

निशिगंध

चहाटळ, हसू आले आणि लगेच लाजही वाटली.

माझा एक अगदी प्राथमिक प्रश्न आहे. शांतिसैनिकांनी यजमान देशाच्या सैनिकावर गोळी झाडणे कायद्याला धरून आहे का? सरकारनेच त्यांना बोलावलेले असते ना?

जुना_सैनिक

निशिगंध, कागदावर उत्तर सरळ आहे: होय. समोरचा कोणत्या गणवेशात आहे हे नियमांत पाहिले जात नाही. तो नागरिकाच्या जिवावर उठला आहे की नाही, एवढेच पाहिले जाते. प्रत्यक्षातील अडचण त्या गोळीनंतर सुरू होते. सकाळी त्याच सैन्याच्या नाक्यावरून तुमच्या पाण्याचे टँकर येणार असतात, विमानतळ त्याच्या ताब्यात असतो आणि तुमचा जखमी जवान ज्या विमानाने बाहेर जायचा त्याला उतरू द्यायचे की नाही हेही तेच सैन्य ठरवते. जुलै २०१६ मध्ये जुबात सरकारी बाजूने रणगाडे आणि लढाऊ हेलिकॉप्टरे वापरली गेली, तर राष्ट्रसंघाच्या ठाण्यात दोन चिनी सैनिक मारले गेले. मी हे समर्थन म्हणून सांगत नाही, पण त्या संध्याकाळी एखाद्या कमांडरच्या मनात काय चालले असेल ते बाहेरच्याला कळावे म्हणून सांगतो.

न्यायप्रिय

कायद्याच्या बाजूने थोडे लांबवतो, कारण धागाकर्त्याच्या फाटकाच्या मुद्द्याशी त्याचा थेट संबंध आहे.

जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनिका पडले तेव्हा पोतोचारी येथील शांतिसेनेच्या डच तळाच्या आत काही हजार बोस्नियन मुस्लिम माणसे होती आणि त्याहून कितीतरी अधिक बाहेर होती. डच सैनिकांनी आतल्यांनाही बाहेर पाठवले आणि त्यांतील पुरुषांना बोस्नियन सर्ब सैन्याने वेगळे काढून ठार मारले. त्या काही दिवसांत एकंदर आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. नातेवाइकांनी खटले भरले. राष्ट्रसंघाला न्यायालयीन संरक्षण असल्याने त्याच्यावर खटला चालू शकत नाही असे ठरले, पण डच राज्य मात्र सुटले नाही. २०१३ मध्ये नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तळाबाहेर घालवलेल्या तिघांच्या मृत्यूची जबाबदारी राज्यावर ठेवली. २०१९ मध्ये तळाच्या आत असलेल्या सुमारे ३५० पुरुषांविषयी राज्याची जबाबदारी दहा टक्के धरली गेली, कारण आत राहू दिले असते तर त्यांना वाचण्याची तेवढीच संधी होती असे न्यायालयाचे मत पडले.

आता यातून एखाद्या संरक्षण मंत्रालयाचा विधी सल्लागार काय शिकेल ते पाहा. जे आत होते त्यांच्यासाठी राज्य जबाबदार ठरले, जे बाहेर होते त्यांच्यासाठी ठरले नाही. म्हणजे माणसाला आत घेतले की दायित्व येते आणि फाटक बंदच ठेवले तर येत नाही. निकाल माझ्या मते न्याय्य आहेत, पण त्यांतून निघणारा व्यावहारिक संदेश भयंकर आहे. म्हणूनच २०१३ मध्ये दक्षिण सुदानमध्ये फाटके उघडणाऱ्यांनी केवळ माणुसकी दाखवली असे नसून मोठे कायदेशीर ओझेही स्वतःहून घेतले, हे नोंदवावेसे वाटते.

कडूलिंब

न्यायप्रिय यांचा प्रतिसाद उत्तम. पण आत घेतल्यानंतर काय झाले हेही बघू या. एप्रिल २०१४ मध्ये बोर येथे निवेदन द्यायला आल्याचा बहाणा करून सशस्त्र जमाव तळात घुसला आणि आत आश्रयाला असलेली पन्नासच्या आसपास माणसे मारली गेली. शांतिसैनिकांनी गोळीबार केल्यावर जमाव मागे हटला, म्हणजे गोळीबाराने फरक पडतो हे सिद्ध झाले. मग तो आधी का झाला नाही? शिवाय बेंटिऊच्या छावणीत २०१४ च्या पावसाळ्यात माणसे गुडघाभर पाण्यात उभी राहून दिवस काढत होती. याला संरक्षण म्हणायचे की साठवण?

रेवा

कडूलिंब, तुमच्या शेवटच्या वाक्यावर थोडे थांबते, कारण मी बेंटिऊला एका वैद्यकीय मदतसंस्थेबरोबर काम केले आहे आणि ती चिखलातली छावणी पुढे पुष्कळ सुधारली होती. ‘साठवण’ हा शब्द मी तिथल्या कोणत्याही बाईसमोर उच्चारणार नाही. तिला विचारले असते तर तिने सांगितले असते की आत पाणी, गर्दी आणि अंधार आहे, पण आत तिचा मुलगा जिवंत आहे.

मात्र खरा प्रश्न सरपणाचा होता. धान्य मिळते ते शिजवायला जळण लागते आणि ते कुंपणाच्या आत नसते. पुरुष बाहेर गेला तर मारला जाईल, बाई गेली तर तिच्यावर बलात्कार होईल, हा हिशेब प्रत्येक घराने केलेला होता आणि म्हणून बायकाच जात होत्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये बेंटिऊकडे येणाऱ्या रस्त्यांवर अवघ्या दहा दिवसांत १२५ स्त्रिया आणि मुलींवर अत्याचार झाल्याचे त्यांच्यावर उपचार करणाऱ्या वैद्यकीय संस्थेने जाहीर केले. त्यानंतर शांतिसेनेने गस्ती वाढवल्या आणि हल्लेखोरांना लपायला जागा राहू नये म्हणून रस्त्याकडेची झाडीझुडपे कापून काढली.

न्यूयॉर्कच्या ठरावांत झाडी कापण्याचा उल्लेख कोठे सापडणार नाही. पण झाडी कापणे, सरपणाला जाणाऱ्या बायकांबरोबर ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी गाडी पाठवणे आणि ती वेळ कधीही न चुकवणे, या कामांना मी गोळीबारापेक्षा अधिक मोल देते. गस्तीची वेळ आदल्या रात्री बदलली गेली की बायका एकट्याच निघून जात, कारण चूल थांबत नसते. कुंपणाच्या आत वाचलेले माणूस सरपणासाठी बाहेर पडते तेव्हा काय होते, हे धागाकर्त्याच्या प्रश्नात यायला हवे.

हिशेबनीस

एक रुक्ष मुद्दा. राष्ट्रसंघ सैन्य पुरवणाऱ्या सरकारांना दर सैनिकामागे दरमहा सुमारे १,४०० डॉलर देतो, वाहने व शस्त्रसामग्री यांचे भाडे वेगळे. पैसे पुरवणारे मुख्यतः श्रीमंत देश, सैनिक पुरवणारे मुख्यतः भारत, नेपाळ, बांगलादेश, रवांडा, इथिओपिया यांसारखे देश, आणि कोणी कोठे मरायला तयार राहावे याचा ठराव लिहिणारे सुरक्षा परिषदेतील मोजके देश. ज्याचा जवान मरणार आहे तो ठरावाच्या टेबलावर बहुधा नसतो. मार्च २०१३ मध्ये काँगोसाठी दक्षिण आफ्रिका, टांझानिया आणि मलावी यांची खास लढाऊ ब्रिगेड मंजूर झाली, तेव्हा त्याच मोहिमेत मोठ्या संख्येने असलेल्या भारताने चिंता व्यक्त केली होती. एका दलाला लढायला लावले की बाकीच्या निळ्या शिरस्त्राणांकडेही लढणारा पक्ष म्हणून पाहिले जाईल, असा त्यामागचा विचार होता. मला तो गैरवाजवी वाटत नाही.

कोकणकडा

हिशेबनीस यांच्या मुद्द्याला एक मराठी जोड देतो. युगोस्लाव्हियातील शांतिसेनेचे पहिले सेनाप्रमुख लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार हे मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी होते. मार्च १९९२ पासून वर्षभर त्यांनी ते दल सांभाळले आणि मुदतवाढ घेतली नाही. ते परतल्यानंतर महिन्याभरात, एप्रिल १९९३ मध्ये, स्रेब्रेनिका हे ‘सुरक्षित क्षेत्र’ घोषित झाले, पाठोपाठ आणखी पाच क्षेत्रे झाली. त्यांच्या रक्षणासाठी ३४,००० सैनिक लागतील असा राष्ट्रसंघाचा अंदाज होता. सुरक्षा परिषदेने ७,६०० जणांचा ‘हलका’ पर्याय निवडला. ठराव करणे फुकट असते, सैनिक फुकट नसतात.

अवांतर: दक्षिण सुदानच्या शांतिसेनेचे प्रमुखपद २०१९ पासून काही वर्षे लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर यांच्याकडे होते. त्यांच्याच काळात, २०२० पासून, मलाकाल वगळता बहुतेक संरक्षित छावण्या साध्या विस्थापित छावण्या म्हणून सरकारच्या अखत्यारीत देण्यास सुरुवात झाली, म्हणजे तेथील कायमचा पहारा उठवून ते सैनिक बाहेरच्या गस्तींना मोकळे करण्यात आले. धागाकर्त्याच्या ‘आत की बाहेर’ या प्रश्नाला मोहिमेने स्वतःच दिलेले हे एक उत्तर आहे.

निशिगंध

कोकणकडा, ज्या सरकारच्या भीतीने माणसे आत आली, त्याच सरकारकडे छावणी सोपवायची, हे मला अजूनही पचत नाही.

रेवा

निशिगंध, छावणीतल्या पुष्कळांनाही ते पचले नव्हते. मात्र दुसरी बाजू अशी की सैनिकांचा मोठा भाग लाख-दोन लाख माणसांच्या पहाऱ्यात अडकला होता आणि उरलेला देश उघडा होता.

आणखी एक गोष्ट. सैनिकाला धोका कळणार कसा? काँगोमध्ये लुवुंगी आणि आसपासच्या गावांत २०१० च्या जुलैअखेर चार दिवस बंडखोर ठाण मांडून होते आणि तीनशेहून अधिक माणसांवर, बहुतांशी स्त्रियांवर, बलात्कार झाले. शांतिसेनेचा तळ सुमारे तीस किलोमीटरवर होता. गावात मोबाइलचे नेटवर्क नव्हते आणि तळावरच्या सैनिकांना गावकऱ्यांची भाषा येत नव्हती. पुढे काँगोतील तळांवर स्थानिक भाषा जाणणारे समुदाय-संपर्क साहाय्यक मोठ्या प्रमाणावर नेमले गेले, गावांना फोन दिले गेले. मी पाहिलेला उत्तम संरक्षक एक दुभाषा होता. तो गस्तीबरोबर जाई, पण गाडीतून उतरून आधी विहिरीवरच्या बायकांशी बोले आणि मग अधिकाऱ्याला सांगे की आज उजवीकडच्या वाटेने जायला हवे.

जुना_सैनिक

रेवाताईंशी पूर्ण सहमत आहे. आपल्या पशुवैद्यक अधिकाऱ्यांनी तेथे गुराढोरांची शिबिरे घेतली आहेत. त्या देशात गाय म्हणजे वधूमूल्य, दंड आणि इभ्रत सगळे काही असते, आणि गुरे पळवण्यावरून गावेच्या गावे जाळली जातात. जनावराला औषध देणाऱ्याला गुराखी जे सांगतो ते चिलखती गाडीतून विचारणाऱ्याला कधीच सांगत नाही.

चहाटळ

म्हणजे तलाठ्याऐवजी गुरांचा डॉक्टर पाठवायला हवा होता. प्रस्ताव मागे घेतो.

पंतोजी

निराश झालेल्यांसाठी एक निष्कर्ष. २०१३ मध्ये तीन अभ्यासकांनी आफ्रिकेतील यादवी युद्धांची आकडेवारी तपासून दाखवले की सशस्त्र शांतिसैनिक आणि पोलीस जितके अधिक, तितकी नागरिकांची हत्या कमी होते. निःशस्त्र निरीक्षकांच्या बाबतीत तसा परिणाम दिसला नाही. वरच्या ५०७ पैकी १०१ या आकड्याशी हे विसंगत वाटेल, पण तसे नाही. हल्ला सुरू झाल्यावर शांतिसेना बहुधा कुचकामी ठरते, मात्र तिच्या केवळ असण्यामुळे जे हल्ले होतच नाहीत ते कोणत्याही अहवालात नोंदले जात नाहीत. हेच या कामाचे दुर्दैव आहे.

कडूलिंब

न झालेल्या हल्ल्यांचे श्रेय घेणे प्रत्येक खात्याला आवडते, पंतोजी. तरी तो अभ्यास मी वाचेन.

शोधयात्री

सर्व प्रतिसाद वाचून मूळ प्रश्नाकडे येतो. २०१३ मध्ये निर्णय मोहिमेच्या स्वतःच्या जमिनीवरचा होता आणि त्यासाठी कोणाची संमती लागत नव्हती. २०१६ मध्ये तुकडीला सरकारी सैन्याच्या नाक्यांमधून जावे लागणार होते. त्याशिवाय चीन, इथिओपिया, नेपाळ आणि भारत यांच्या तुकड्यांपैकी कोणी तरी जायला तयार व्हावे लागणार होते. निवृत्त डच जनरल पॅट्रिक कामार्ट यांच्या चौकशीनुसार प्रत्येक तुकडीने आपली माणसे आधीच गुंतलेली असल्याचे सांगून नकार दिला. त्यानंतर मोहिमेच्या केनियन सेनाप्रमुखांना पदावरून काढले गेले आणि केनियाने रागाने आपले सैनिकच परत बोलावले. म्हणजे नकार चारांनी दिला आणि खुर्ची एकाची गेली, तीही त्या लढाईच्या काही आठवडे आधीच रुजू झालेल्याची. म्हणून मायदेशी सरकारांविषयीचे माझे मत अर्धे टिकते. उरलेले अर्धे उत्तर यजमान सैन्याच्या नाक्यांवर आहे.

न्यायप्रिय

नाक्यांवरून आठवले. रवांडात म्बाये दियान्य नावाचे सेनेगलचे एक कप्तान होते. ते निःशस्त्र निरीक्षक होते. किगालीतील हत्याऱ्यांच्या अडथळ्यांवरून त्यांनी थोडी थोडी करत शेकडो माणसे बाहेर काढली. थट्टामस्करी करत, सिगारेटी वाटत ते नाका ओलांडत असत. ३१ मे १९९४ रोजी तोफगोळ्याने त्यांचा मृत्यू झाला. पुढे सुरक्षा परिषदेने त्यांच्या नावाने असामान्य धैर्यासाठी पदक सुरू केले. पंतोजींच्या आकडेवारीत निःशस्त्र निरीक्षकाला फारसे स्थान नाही हे खरे, पण यजमानाची संमती नसली की काहीच करता येत नाही, हे विधानही मग तितकेसे खरे राहत नाही.

जुना_सैनिक

कप्तान म्बाये यांच्यासारखी माणसे निवडून पाठवता येत नाहीत, ती निघतात. सेनेला योजना सरासरी माणूस धरून करावी लागते. टेरेनसाठी माझ्या दृष्टीने वेगळी तजवीज शक्य होती: तातडीच्या मदतीची तुकडी आधीपासून एकाच कमांडरच्या हाताखाली, इतर कोणत्याही कामाला न लावता ठेवणे, आणि तिच्या मार्गावरच्या नाक्यांमधून रोज ये-जा करून तो रस्ता आपल्या सवयीचा आणि त्यांच्याही सवयीचा करून ठेवणे. ज्या नाक्यावरून तुम्ही महिनोन्‌महिने परत फिरत आला आहात, त्या नाक्यावरून लढाईच्या दिवशी कोणी पुढे सोडत नाही.

निशिगंध

सैनिकसाहेब, आता याचे पुढे काय होणार? मार्च २०२५ मध्ये अपर नाईलमधील नासिर येथे जखमी सरकारी सैनिकांना न्यायला गेलेल्या राष्ट्रसंघाच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार होऊन एक कर्मचारी ठार झाला, त्याच महिन्यात न्युएर नेते आणि तेव्हाचे प्रथम उपाध्यक्ष रिएक माचार नजरकैदेत गेले आणि ऑक्टोबरमध्ये पैशाअभावी जगभरातील शांतिसैनिकांत सुमारे २५ टक्के कपात होणार असे जाहीर झाले.

जुना_सैनिक

माझा अंदाज सांगतो. मुख्यालये राहतील, कारण ती राजधानीत असतात आणि राजदूतांना दिसतात. आधी दूरच्या चौक्या उठतील, मग हेलिकॉप्टरचे तास कमी होतील आणि त्यानंतर रेवाताईंनी लिहिलेल्या दुभाष्यांची कंत्राटे नूतनीकरणावाचून संपतील, कारण तो खर्च सर्वांत लहान असतो आणि त्यावर भांडायला कोणी नसते.

रेवा

दुभाष्यांच्या बाबतीत सैनिकसाहेबांचा अंदाज चुकावा अशी इच्छा आहे. ज्यांच्याशी माझा अजून संपर्क आहे त्यांपैकी एकाला या महिन्यात कंत्राटाविषयी विचारले आहे. उत्तर आले की येथे लिहीन.